नापास व्हावी म्हणून

मी बनशंकरीच्या देवळात लिंबाचा दिवा लावला, तो माझी मुलगी नापास व्हावी म्हणून. आधी ऐका, मग काय नावं ठेवायची ती ठेवा.

सुखदा माझी एकुलती एक. लहानपणापासून शांत, भांडणसुद्धा मनातल्या मनात करायची. गणितात मात्र पहिल्यापासून पुढे. एमएस्सी झाली आणि इथल्याच एका मोठ्या संस्थेत पीएचडीला लागली. विषय प्रोबॅबिलिटी, तोही वरच्या पायरीचा, जिथे फासे नाहीत की पत्ते नाहीत, नुसती अक्षरं. तिथे एक तोंडी परीक्षा असते. फळ्यापुढे उभं राहायचं आणि तीन-चार प्रोफेसर विचारतील ते सिद्ध करून दाखवायचं. दोनदाच बसता येतं. दोन्ही वेळा आपटलात की गाशा गुंडाळा. सुखदा पहिल्यांदा आपटली होती.

आता आमच्या ह्यांचं ऐका. जन्मभर सरकारी कारखान्यात इंजिनियर. निवृत्त झाले आणि सोफ्यात रुतले ते रुतलेच. बोलणं नाही, दाढी नाही, आमटीत मीठ कमी पडलं की तेवढं खेकसायचे. एक दिवस टेबलावर पडलेलं सुखदाचं पुस्तक सहज चाळायला घेतलं आणि माणूस जागा झाला हो! प्रोफेसर गिरीराजांची परवानगी काढली आणि तिच्याच वर्गात नुसतं ऐकायला म्हणून जाऊन बसायला लागले. तेही पहिल्या बाकावर! बाप-लेक एकाच स्कूटरवरून जायचे, एकाच स्कूटरवरून यायचे. वर्गात ह्यांचा हात सारखा वर. पोरं ‘अण्णा, अण्णा’ करत मागे फिरायची. घरी मी कांदा चिरत असले की शेजारी येऊन उभे राहायचे. “शक्यता शून्य असली तरी ती गोष्ट घडू शकते, कळलं का?”

“मग शून्य कशाला म्हणता तिला?” मी म्हटलं. काय हसले! लग्नानंतर इतके हसलेले मी पाहिले नव्हते.

आणि इकडे पोर वाळत चालली होती. घरात अभ्यास, वर्गात बाप, स्कूटरवर पुन्हा अभ्यास. जेवताना ताटात बोटं फिरवत बसायची.

एका दुपारी आम्ही दोघी अवरेकाई सोलत बसलो होतो. इथे थंडीत ह्या शेंगांचे ढीग लागतात. मी आपलं विचारलं, “सध्या काय चाललंय गं?”

“थांबण्याची वेळ,” ती म्हणाली. “खेळ कधी थांबवायचा ते आत्तापर्यंत दिसलंय त्यावरूनच ठरवायचं. पुढे काय होणार ते बघून थांबलं तर चालत नाही.”

“बरोबरच आहे की,” मी म्हटलं, तर ही रडायलाच लागली.

“आई, मला सोडायचंय हे. फळ्यापुढे उभी राहिले की पळून जावंसं वाटतं. मला नाही आवडत गं. कधीच नाही आवडलं.”

“मग सांग बाबांना.”

“कसं सांगू? आपण मागे लागलो म्हणून पोरीने सोडलं, असं मनाला लावून घेतील आणि परत सोफा धरतील. त्यापेक्षा नापास होते. काढून टाकतील मला. बाबा माझी कीव करतील, पण वर्गाला जातील.”

“आणि तू काय करशील?”

“आधी झोपेन,” ती म्हणाली.

म्हणून तो दिवा. परीक्षा मंगळवारी दुपारी होती आणि बनशंकरीला मंगळवारी ही गर्दी! अर्धं लिंबू पिळलं, साल उलटी करून तेल-वात घातली आणि देवीला म्हटलं, बाई गं, माझ्या पोरीला एकदाची नापास कर. तेवढ्यात शेजारची कानडी रम्या टपकली. “मगळिगे परीक्षे ना, अक्का?” मुलीची परीक्षा का, म्हणून. मी मान हलवली, तर हिने डोळे मिटून माझी सुखदा पास व्हावी म्हणून हात जोडले! अगं बाई, तुला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला?

संध्याकाळी स्कूटर वाजली. हे पुढे, हातात म्हैसूरपाकाचा डबा. मागे सुखदा, डोक्यावर हेल्मेट तसंच. देवीने रम्याचंच ऐकलं वाटतं, मी मनात म्हटलं.

“नापास!” हे आनंदाने ओरडले. “पण ऐक तर! ही फळ्यापुढे मुकी उभी राहिली. खडू हातात, शब्द नाही. मी बाहेर व्हरांड्यातच होतो. गिरीराज सरांना गाठलं. म्हटलं, पोर घाबरते हो, घरी सगळं येतं तिला. ते म्हणाले, योचने माडबेडी, काळजी करू नका. नियमात बसत नाही, पण तुमच्याकडे बघून खास बाब म्हणून तिसरी संधी देतो! उद्यापासून तयारी मी घेणार.”

माझा तोल गेला. “अहो, नकोय तिला ते! तिला सोडायचंय, दिसत नाही का तुम्हाला?”

ह्यांचा चेहरा खर्रकन उतरला. झाकण उघडता उघडता हात थांबला. “हो का गं?” त्यांनी तिला विचारलं, अगदी लहान आवाजात.

सुखदाने त्यांच्याकडे पाहिलं. मग सावकाश हेल्मेट काढलं.

“आईचं आपलं काहीतरीच,” ती म्हणाली. “कुठल्या प्रकरणापासून घ्यायचं, बाबा?”

ह्यांनी म्हैसूरपाकाचा तुकडा तिच्या तोंडात घातला. फाडकन एक ठेवून द्यावी असं मला वाटलं, तिला की ह्यांना, देव जाणे. ती माझ्याकडे न बघता चावत राहिली.