सपाट रेघ

"मॅडम, सॅच्युरेशन नव्याण्णव हाय. करू का सुरू?" सर्जन गाऊन-ग्लोव्हज घालून तयार होते.

"थांबा. हात लावू नका," मी म्हटलं.

टेबलावर कमलबाई होत्या, धावड्याच्या शाळेतल्या शिक्षिका. पित्ताशय काढायचं होतं. मी भूलतज्ज्ञ. जालन्यात ज्या हॉस्पिटलातून फोन येईल तिथे जाते. श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं मशीन सगळीकडे नसतं, म्हणून डब्याच्या पिशवीत मावेल एवढं स्वतःचंच घेऊन फिरते. सर्जन त्याला माझं खेळणं म्हणतात.

आमचं काम असं. भूल देताना औषधाने पेशंटचा श्वास थांबतो. मग श्वासनलिकेत नळी घालून आपण ऑक्सिजन द्यायचा. पंचाईत ही, की अन्ननलिका अगदी मागेच असते. नळी तिथे शिरली तर सगळा ऑक्सिजन पोटात. नीट गेली असेल तर परत येणाऱ्या श्वासात कार्बन डायऑक्साइड सापडतो आणि स्क्रीनवर लाटा उमटतात. माझ्या स्क्रीनवर सपाट रेघ होती.

कमलबाईंची मान आखूड, घसा मला अर्धवटच दिसला होता. पण स्टेथोस्कोपने छातीच्या दोन्ही बाजूंना हवा ऐकू आली होती. शिवाय बावीस वर्षं हेच करतेय, ही गुर्मी होतीच.

"तुमचं मशीनच बिघडलं असंल," सिस्टर म्हणाल्या. "मागच्या आठवड्यात बी अडकल्तं की."

खरं सांगते, मलाही तेच हवं होतं.

"सॅच्युरेशन तर बराबर दाखवून राह्यलं," सर्जन म्हणाले.

"ती शिळी बातमी आहे."

भुलीआधी पेशंटला काही मिनिटं शुद्ध ऑक्सिजन देतात. त्या साठ्यावर सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा, बराच वेळ छान राहतो, मग धाडकन खाली येतो. कमलबाईंकडे तेवढाच वेळ होता.

मी मशीनची बारीक ट्यूब सोडवली, माझ्या तोंडावरचा मास्क खाली ओढला आणि ट्यूबमध्ये फुंकर मारली. स्क्रीनवर झकास लाट आली. मशीन ठणठणीत होतं. चुकले होते मी.

नळी काढली. बाईंना मास्क लावून रबरी पिशवी दाबत हवा द्यायला लागले, पण ती आत जाईना. आकडा ब्याण्णव, अठ्ठ्याऐंशी, चौऱ्याऐंशी. सर्जननी निर्जंतुक ग्लोव्हजची पर्वा न करता बाईंचा जबडा उचलून धरला. मग छाती हलली. आकडा वर चढू लागला. नव्वदच्या पुढे गेल्यावर घसा नीट दिसावा म्हणून सिस्टरांनी खांद्यांखाली चादरींच्या घड्या सरकवल्या आणि मी पुन्हा नळी घातली. या वेळी नीट बघून.

एक लाट. दुसरी. तिसरी. मी सहा मोजल्या, तेव्हा कुठे स्टुलावर टेकले.

"आता करा सुरू."

"आधी मला नवीन ग्लोव्हज द्या," सर्जन म्हणाले, "अन् मॅडमला पाणी."

दुपारी कमलबाई शुद्धीवर आल्या आणि पहिलं विचारलं, "चहा कधी भेटंल?" इतका गोड प्रश्न मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. बाहेर त्यांच्या यजमानांना मी झालेलं सगळं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सांगितलं ते बरं केलं मॅडम. आम्हाला तर कळलंच नसतं."

त्या दिवशी मी आधी मशीनवर शंका घेतली आणि मग स्वतःवर. हल्ली क्रम उलटा ठेवते. वेळ वाचतो.