सात किलोच्या आतला दगड

सौदीतल्या हफ्र अल बातिनच्या कॅम्पमध्ये माझ्या शेजारच्या खाटेवर एक कानपूरवाला होता. मी वेल्डर, तो एसीची कामं करायचा. मी रत्नागिरीकडचा, माशाशिवाय घास न उतरणारा, आणि त्याला माशाच्या वासानेच मळमळायचं. एकाच शेगडीवर आम्ही वर्षानुवर्षं भांडत स्वयंपाक केला. गेल्या ऑगस्टमध्ये एका गोदामाच्या पत्र्यावर काम करता करता तो खाली बसला तो उठलाच नाही. भर दुपारी उन्हात काम करून घ्यायला तिथे बंदी असते. तरी फोरमन खालून "यल्ला, यल्ला" करत घाई लावत होता. कागदावर मात्र हृदयविकार लिहिला गेला. त्या शब्दाची मला अजून चीड येते.

मय्यत कानपूरला पाठवायची तर कागदपत्रांत आठवडेच्या आठवडे गेले असते. तोवर त्याला बर्फात ठेवणं बापाला सोसवेना. त्याने तिथेच दफन करायला परवानगी दिली. आम्ही कॅम्पमधल्या लोकांनी माती दिली.

हिवाळ्यात मला सुट्टी मिळाली, तेव्हा त्याचं सामान घेऊन मी आधी कानपूर गाठायचं ठरवलं. बायको फोनवर भडकली. "दोन वर्षांनी येताय आणि आधी परक्याच्या दारात?" तिचंही चुकीचं नव्हतं. पण ती बॅग कुरिअरने धाडायला माझं मन घेईना.

कानपूर मला अजिबात आवडलं नाही. धुक्यात काही दिसत नव्हतं आणि न दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीला हॉर्न होता. त्यांचा मोहल्ला चामड्याच्या कारखान्यांना लागून. हातगाड्यांवरून ओली, निळसर कातडी चालली होती, गटाराचं पाणीही त्याच रंगाचं, आणि वास असा की मी रुमाल नाकाला लावला. रिक्षावाला हसून म्हणाला, "दो दिन रुकिए, फिर नहीं आएगी." हा वास सोडून तो वाळवंटात मरायला आला होता, असं मनात आलं आणि माझं मलाच कसंतरी झालं.

दोन खोल्यांचं घर. बाप जन्मभर कारखान्यात कातडी कमावत होता. त्याची नखं अजून काळीच होती. आईने खिमा केला होता. मी बॅग उघडून कपडे, दाढीचं सामान, मोबाइल असं एकेक त्यांच्या पुढ्यात ठेवलं. दोघांनी पाहिलं, हात मात्र कशालाच लावला नाही. मग आई उठली आणि कोऱ्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी दोन्ही हातांनी उचलून आणलं.

पांढरा संगमरवर. त्यावर उर्दूत मुलाचं नाव, खाली बापाचं नाव, खाली तारीख. अक्षरांत काळा रंग भरलेला.

"उसके सिरहाने लगा देना, बेटा," ती म्हणाली. "छोटा बनवाया है. सात किलो से कम है. हाथ वाले बैग में चला जाएगा."

बापाने दगड कारखान्याच्या काट्यावर तोलून आणला होता. कारागिराने मोठा सुचवला होता, पण आईनेच नको म्हटलं. मुलगा येता-जाता बॅगा तोलायचा, त्यामुळे विमानाचे नियम तिला तोंडपाठ होते. या लोकांनी सगळ्याचा विचार केला होता.

आमच्याकडे कोकणात असो की त्यांच्याकडे कानपुरात, कबरीवर नावाचा दगड लावतात, शबेबारातच्या रात्री लोक तिथे बत्त्या लावतात. तिकडे तसं नाही. तिकडे मातीचा उंचवटा आणि डोक्याशी एक साधा धोंडा, अमीर असो की मजूर. नाव लिहिलेलं चालत नाही. मी नेला असता तर कबरस्तानच्या फाटकातच तो काढून घेतला असता. गुपचूप 'हो' म्हणावं, दगड न्यावा आणि कॅम्पमध्ये खाटेखाली ठेवावा, असंही क्षणभर वाटलं. पण तिने फोटो मागितला असता. आणि खरं सांगायचं तर तिच्या तोंडाकडे बघून मला खोटं बोलवेना. मी सगळं सांगून टाकलं.

आई म्हणाली, "तो उसकी कौन-सी है, कैसे पहचानते हो?"

"फाटकाजवळ उभं राहून सगळ्यांसाठीच दुवा मागतो," मी हिंदीत म्हणालो.

"मगर तुम्हें तो मालूम है ना? तुमने तो मिट्टी दी थी."

दफनानंतर मी दोनदा गेलो होतो. दुसऱ्या वेळी त्या ओळीच्या पुढे आणखी ओळी झाल्या होत्या, वाऱ्याने सगळे उंचवटे सारखे केले होते. बराच वेळ फिरून मी परत आलो होतो.

"नहीं, अम्मी," मी म्हणालो. "मालूम नहीं."

ती रडली नाही. टॉवेल परत गुंडाळला, कोपरे नीट आत खोचले आणि दगड नवऱ्याच्या हातात दिला.

"संभाल के रखिए. मैं जाऊँ तो मेरे सिरहाने यही लगवाइएगा."

"और तुम्हारा नाम?" म्हातारा पुटपुटला.

"मेरा नाम क्या करना है? आने-जाने वाले इसका नाम पढ़ेंगे, तो फातिहा की दुआ इसी को पहुँचेगी."

म्हाताऱ्याने दगड छातीशी धरला. ठेवायचा कुठे हे सुचत नसल्यासारखा तो खोलीच्या मधोमध उभाच राहिला.