वर्ध्याकडून मोजायचं की रोहण्याकडून

वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी चोरून अभ्यास करू लागले. चोरून, कारण मी शाळामास्तरीण आहे, आणि बाई स्वतःच परीक्षेला बसणार हे पोरांना कळलं असतं तर कुणाला सातचा पाढा विचारायला मला तोंड उरलं नसतं. वरून नियम आला होता: वर्षानुवर्षं शिकवणाऱ्यांनीही पात्रता परीक्षा पास व्हायची, आणि मुदतीत नाही झालं तर नोकरी गेली.

नवरा म्हणाला, एवढी वर्षं जे शिकवलंस तेच विचारतील, घाबरतेस कशाला. तो पोस्टात आहे, त्याला काय कल्पना. मी सहावी-सातवीला शिकवते. जुनी प्रश्नपत्रिका उघडली तर कार्बनची एक लांबलचक साखळी पानावर पसरली होती आणि खाली प्रश्न: या हायड्रोकार्बनचे नाव सांगा. हे कॉलेजात एकदा शिकून मी कधीच विसरून गेले होते.

रोहण्याच्या आमच्या शाळेत माझ्यासारखीच अडकलेली आणखी एक बाई होती. ती गावातलीच, शाळेची घंटा ऐकून घरून निघणारी. मी वर्ध्याहून एसटीने अप-डाऊन करणारी. मधल्या सुटीत पोरं खिचडीच्या रांगेत गेली की आम्ही एका रिकाम्या वर्गाचं दार आतून लावायचो आणि फळ्यावर कार्बन मांडायचो. एक कार्बन म्हणजे मिथेन, दोन इथेन, तीन प्रोपेन, चार ब्यूटेन, पाच पेंटेन. इथवर आम्ही दोघी विदुषी. मग साखळीला मध्येच फांदी फुटायची आणि आमची विद्वत्ता तिथे खाली उतरायची.

मी तिला माझी एसटी समजावून सांगितली. सगळ्यात लांबचा रस्ता ती मुख्य साखळी, त्यावरचे थांबे म्हणजे कार्बन. वाटेत एखाद्या गावाचा फाटा फुटतो, ती फांदी. फांदीत एकच कार्बन असेल तर तिला मिथिल म्हणायचं, आणि फाटा कितव्या थांब्यावर आहे तो आकडा नावाच्या आधी लावायचा. फळ्याच्या डाव्या टोकाला मी वर्धा लिहिलं, उजव्या टोकाला रोहणा, मध्ये तीन थांबे, आणि रोहण्याच्या अलीकडच्या थांब्याला फाटा काढला.

"चार-मिथिलपेंटेन," मी जाहीर केलं आणि हातावरची खडूची भुकटी झोकात झटकली.

"दोन हाये ते," ती म्हणाली.

"चौथा थांबा आहे, मोजून बघा."

"तुमचा चवथा. माह्या घरून दुसरा. तुमी वर्ध्याहून काऊन मोजून राह्यल्या?"

"मग कुठून मोजू? रोज तिथेच तर बसते."

पुस्तक उघडलं. ज्या टोकाला फाटा जवळ, त्या टोकापासून मोजायचं. तिचं बरोबर होतं, आणि तिने ते दिवसभर मला विसरू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम फाटा वर्ध्याच्या बाजूला सरकवला, तर तिने पुन्हा रोहण्याहूनच मोजलं. मग मीही दिवसभर हसून घेतलं. पण एसटीत बसल्यावर हसू पळालं. नियम दोघींना पाठ होता, आणि तरी खडू हातात आला की जिचं तिचं बोट आपापल्या घराकडे जात होतं. अशी निम्मी उत्तरं बरोबर येऊन नोकरी टिकणार नव्हती.

परीक्षा वर्ध्यात झाली. घंटा वाजली आणि मी सवयीने उठून उभी राहिले, पेपर वाटायला. पर्यवेक्षक माझ्या मुलाच्या वयाचा होता. "बसा मॅडम, आज मी वाटतो," तो म्हणाला. कुणी हसलं नाही. इकडेतिकडे पाहिलं तर निम्मा वर्ग माझ्यासारखाच अर्धवट उठलेला होता.

आणि तो प्रश्न आला. पाच कार्बन, फाटा उजवीकडे. पर्यायांत दोन आणि चार दोन्ही हजर. माझं पेन डावीकडून एक, दोन, तीन मोजत चारच्या गोलावर जाऊन थांबलंसुद्धा. काळ्या शाईने एकदा गोल भरला की तो पुसता येत नाही. मी पेपर उचलला आणि सरळ उलटा धरला. आता फाटा माझ्या बाजूला आला.

पर्यवेक्षक लगबगीने आला. "मॅडम, पेपर उलटा आहे."

"माहीत आहे सर," मी म्हटलं आणि दोनचा गोल भरला.

निकाल नवऱ्याच्या मोबाइलवर पाहिला. मी काठावर पास झाले होते. नवरा मिठाई आणायला चप्पल घालू लागला, आणि मी फोन हातात घेऊन बसले. तिला लावावा की नाही, ठरत नव्हतं. तेवढ्यात तिचाच आला.

"झाल्या का तुमी?"

"झाले. तुम्ही?"

"नाई झाली मी." पलीकडे भांडी वाजत होती, ती थांबली. "साखळीचं बरोबर आलतं माह्यं. बाकीच्यात गेली."

मी फोन दुसऱ्या कानाला धरला.

"आता तुमी सुटीत स्टाफरूममंदी बसत जा," ती म्हणाली. "पास झालेल्या मानसाले कायले तरास."

"अजून मुदत आहे ना?"

"एक डाव हाये."

मी नवऱ्याला चप्पल काढायला लावली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत तिच्या आधी त्या वर्गात जाऊन बसले आणि तिला विचारलं, बाकीच्यात म्हणजे नेमकं कशात.