आस्लाउगने जोडलेले शब्द

आस्लाउग आणि मी गावच्या वर्तमानपत्रात तीस वर्षं समोरासमोर बसून मुद्रितं तपासली. आमच्या नॉर्वेजियनमध्ये दोन-तीन नामं चिकटवून एकच लांबलचक शब्द करतात, आणि वर्तमानपत्राचा रकाना असतो अरुंद. ओळ संपली की शब्द नेमका जोडावर तोडायचा. ‘टाकस्टाइन’ म्हणजे कौल. ‘टाक’पाशी तोडलं तर छप्पर आणि दगड, अक्षरभर पुढे सरकलात की वाचणारा अडखळलाच. आस्लाउग जोड कानाने शोधायची. शब्द पुटपुटायची, टेबलावर टिचकी मारायची, की झालं.

तिचा नवरा तोरग्रीम कौलं घालायचा. आम्ही दोघी निवृत्त झालो त्याच हिवाळ्यात त्याला पक्षाघात झाला. उजवा पाय लुळा पडला आणि जोडशब्द तोंडातच गोळा होऊन बसू लागले. आस्लाउग कामाला लागली. रोज न्याहारीनंतर एकेक शब्द तोडून त्याच्यापुढे ठेवायची, टिचकीसकट. तुकडे त्याला जमायला लागले.

ईस्टरच्या आदल्या आठवड्यात आम्ही तिघं मटणाच्या दुकानात गेलो. काउंटरवर यानिके होती.

“काय देऊ, तोरग्रीम?”

त्याला हवी होती कोकराची तंगडी, ‘लामेलोर’. तो सावकाश म्हणाला, “लामे. लोर.”

असे दोन शब्द वेगळे म्हटले की अर्थ होतो लुळ्या मांड्या. यानिकेची नजर त्याच्या पायाकडे गेली. “अगं बाई! फार दुखतं का रे?”

आस्लाउग लाल झाली. तोरग्रीमला उमगायला क्षणभर लागला. मग त्याने आपल्या मांडीवर थाप मारली. “ही... आहेच. दुसरी दे!”

पक्षाघातानंतर तो पहिल्यांदाच हसला. आम्हीही हसलो. आस्लाउग मात्र घरी आल्यावर माझ्या स्वयंपाकघरात रडली.

“मला तोडायचंच कळतं गं. त्याला तुकडे देऊन बसले मी.”

“मग टिचकी मारू नकोस,” मी म्हटलं. “तू स्वतः बोलताना मारतेस का?”

दुसऱ्या दिवसापासून ती त्याचा हात धरून टेबलाच्या कडेवरून सरकवायला लागली. पहिल्या तुकड्यावर जोर, मग हात न उचलता पुढे. ‘वोर’ म्हणजे वसंत, ‘सूल’ म्हणजे ऊन. वेगवेगळे त्याला स्वच्छ यायचे. पण एकत्र म्हणताना आमच्याकडे र आणि स विरघळून ष होतो, आणि तिथेच त्याची जीभ अडायची. तीन आठवडे गेले. तो चिडायचा, कप आपटायचा, ती पुन्हा त्याचा हात धरायची.

एका सकाळी उन्हाने छपरावरचा बर्फ वितळून पागोळ्या गळत होत्या. तो खिडकीकडे बघून म्हणाला, “वोषूल.”

“काय म्हणालास?”

“ऐकलंस की.”

तिने धावत येऊन माझं दार वाजवलं, पायात नुसते मोजे.

सगळे शब्द काही परतले नाहीत. ‘टाकस्टाइन’ अजून येत नाही. जन्मभराचा धंदा, पण तोच शब्द हट्टाला पेटलाय. दर गुरुवारी शेजारपाजाऱ्यांबरोबर दोघं माझ्याकडे कॉफीला येतात. तो अडखळला आणि कुणी घाईने त्याचा शब्द पुरा करायला गेलं, की आस्लाउग दटावते, “थांबा जरा. येतोय तो.”

मग आम्ही सगळे कॉफी गार होईतो थांबतो.