समुद्राकडचं दार

मी आठवी ते दहावीला गणित शिकवते. हे आधीच सांगून ठेवते. पुढचं वाचून माझ्याबद्दल जे मत करायचं ते तुम्ही करालच, पण निदान बाई कुठल्या मुशीतली आहे ते माहीत असू द्या. आमच्या स्टाफरूममध्ये कुणी अमावस्या, बाधा, नजर असलं काही काढलं की वह्यांचा गठ्ठा उचलून लायब्ररीत जाऊन बसणारी ती मीच. आजही कुणी विचारलं, "मॅडम, तुमचा विश्वास आहे का हो?" तर मी नाही म्हणेन. आणि तरी हे लिहायला बसलेय...

माझं माहेर भिवंडी शहरातलं, वडील कोर्टात कारकून होते. सासर तिथूनच जवळच्या दापोड्याचं. सासऱ्यांची भातशेती होती तिथे आता गोडाऊन आहेत, आणि माझे मिस्टर, प्रकाश, यांचा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे. घराला खिडक्या आठ, पण कंटेनरच्या धुळीमुळे बाराही महिने बंद. त्यामुळे समुद्रकिनारी आपलं एक घर असावं हे ह्यांचं फार जुनं वेड. वरचा मजला आपल्याला, खालच्या खोल्या पर्यटकांना भाड्याने द्यायच्या, म्हणजे गुंतवणूकही होते. तीनेक वर्षांपूर्वी श्रीवर्धनच्या बाजूला एका गावात जागा मिळाली. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. तिथल्या लोकांची पोटं पर्यटकांवर आहेत.

तयार बंगले दाखवणारे एजंट खूप भेटले. ह्यांना ते नको होतं. "दुसऱ्याच्या नकाशात आपण कशाला ऱ्हायचं? आपल्या मनासारखं बांधू ना." मग नकाशा काढण्यात सहा महिने गेले. खिडकी इकडे, ओटा तिकडे, दर रविवारी नवीन कागद. मी फक्त स्वयंपाकघरात लुडबुड केली. ह्यांचा हट्ट एकच होता. वरच्या मजल्यावरच्या आमच्या खोलीला पश्चिमेकडे एक दार, दारातून खाली उतरणारा जिना, पुढे मागचं फाटक, सुरूची झाडं आणि मग वाळू.

"सकाळी उठायचं, दार खोलायचं आणि डायरेक पाण्यात," हे म्हणायचे. लहानपणी खाडीत पोहायला शिकलेला माणूस. पोहण्याबद्दल फार अभिमान. मलाही ते दार आवडलं होतं. हे मुद्दाम सांगतेय, कारण नंतर घरात सगळ्यांचा समज झाला की मला पहिल्यापासून ते नको होतं.

बांधकाम तिथल्याच गणपत मिस्त्रींना दिलं. साधा, कमी बोलणारा माणूस. मी साइटवर दोनदाच गेले होते, एकदा पायाच्या पूजेला आणि एकदा जोत्यापर्यंत काम आलं तेव्हा.

फेब्रुवारीतली गोष्ट. मधल्या सुट्टीत डबा उघडला होता, तेवढ्यात मिस्त्रींचा फोन.

"वहिनी, ती दाराची चौकट सुताराकडून आलीय. परत पाठवू की ठेवू?"

"परत का पाठवायची?"

"नाय... काल तुम्हीच सांगून गेलात ना, दार नको, तिथं भिंत घ्या म्हणून."

मी हसले. म्हटलं, मिस्त्री, काल मी शाळेत होते, तुम्ही दुसऱ्या कुणाच्या साइटचं बोलताय.  मिस्त्री म्हणाले, "तुम्हीच होतात, वहिनी. मी चहा मागवत होतो, तुम्ही नको म्हणालात."

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हेही हसले. "मिस्त्री दुपारची घेतो वाटतं." फोन करून चौकट बसवायला सांगितली. विषय संपला. माझ्या मनातून मात्र तो 'चहा नको' गेला नाही. मी बाहेर कुठेच चहा घेत नाही, पित्ताचा त्रास आहे. पण तेही मिस्त्रींनी आधीच्या भेटीत पाहिलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

मग दोन-तीन आठवड्यांनी एका शनिवारी मिस्त्रींनी ह्यांनाच फोन केला. मी नुकतीच सकाळच्या शाळेतून आले होते, कांदा चिरत होते. ह्यांचा आवाज हळूहळू चढत गेला आणि मग एकदम खाली आला. फोन ठेवून हे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"तू सायटवर गेली होतीस?"

"कधी?"

"आज. अकराला. चौकट काढायला लावलीस म्हणतो. रडत होतीस म्हणतो."

भिवंडीहून तिथे जायला गाडीने पाच तास लागतात. अकरा वाजता मी नववी 'ब' च्या वर्गात फळ्यासमोर होते. मस्टरवर सही आहे, पन्नास मुलं साक्षीला आहेत. हे ह्यांनाही कळत होतं. तरी ते ज्या नजरेने बघत होते ना... आमच्या लग्नाला एकवीस वर्षं झाली होती तेव्हा, त्या नजरेने त्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं.

सासूबाई बाहेरून म्हणाल्या, "काय झालं रं?" हे म्हणाले, "काय न्हाय."

पुढचे दिवस वाईट गेले. ह्यांनी तर्क लढवले. कुणाला तरी आपली जागा हवी आहे, कुणी बाई उभी केली असेल. मिस्त्रीला काम सोडायचं असेल. मीही मान डोलवायचे. पण वर्गात उदाहरण सोडवताना मध्येच थांबायचे आणि हातातल्या खडूकडे बघायचे, की मी नक्की इथेच आहे ना? माणसाला असं होतं का की आपण कुठे गेलो ते आपल्यालाच माहीत नसतं? मैत्रिणीच्या ओळखीने एका डॉक्टरांकडेही जाऊन आले, घरी न सांगता. त्यांनी झोप नीट घ्या म्हणून सांगितलं. मी फोनमध्ये दर तासाला कुठे आहे ते टिपून ठेवायला लागले. दहा – वर्ग. अकरा – वर्ग. बारा – रिक्षा. हसू नका. त्या नोंदी अजून आहेत.

एप्रिलमध्ये परीक्षा संपल्यावर पहिल्याच रविवारी आम्ही दोघं तिकडे गेलो. वाटभर ह्यांनी रेडिओ लावला नाही.

दहाच्या सुमारास पोहोचलो. ऊन चढलेलं, वाऱ्याने सुरूची झाडं सूं सूं करत होती. मिस्त्री पुढे आले, माझ्याकडे बघितलं आणि बघतच राहिले.

"काय झालं, मिस्त्री?"

"नाय... वहिनी, तुम्ही केस काळे केलेत?"

मी केस कधीच रंगवले नाहीत. तेव्हा दोन-चारच पांढरे होते. "का?"

"परवा आलात तेव्हा सगळे पांढरे होते."

हे तडकले. "काय बोलतोस काय तू? बघ हिच्याकडं नीट!" मिस्त्री आत गेले आणि साइटवरची नकाशाची प्रत घेऊन आले. प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली, कडा सिमेंटने माखलेल्या. त्यांनी ती माझ्यासमोर उलगडली.

पश्चिमेच्या दारावर लाल बॉलपेनने दोन तिरक्या रेघा मारल्या होत्या. बाजूला लिहिलं होतं, 'इथे दार नको. भिंत.' आणि खाली, एका छोट्या गोलात, 'वै.'

माझं नाव वैशाली. मुलांच्या वहीतली चूक दुरुस्त केली की मी तिच्याखाली गोलात 'वै.' लिहिते. वीस वर्षांची सवय. अक्षर माझं होतं. माझ्यासारखं नव्हे... माझं. 'भ' ची गाठ मी विचित्र काढते, मुलं चिडवतात त्यावरून. ती तशीच होती. फक्त हात थोडा कापल्यासारखा.

ह्यांनी कागद उन्हात धरून पुन्हा पुन्हा वाचला.  मग मिस्त्रींबरोबर वर गेले. मला जिना चढवेना. मी शेजारी सुमनकाकूंकडे पाणी मागायला गेले.

सुमनकाकू म्हणजे आमच्या कुंपणाला लागून राहणाऱ्या विधवा बाई. नारळाची वाडी, चार कोंबड्या, एकट्याच. पूजेच्या दिवशी ओळख झाली होती. मला बघून त्या पुढे आल्या आणि माझा हात धरला.

"अगो, आज साहेब आले? मी आत्ता गाडीतून उतरताना पाहिले. मला तर वाटलं..."

"काय वाटलं, काकू?"

त्या माझा चेहरा न्याहाळायला लागल्या. केस बघितले, गळा बघितला. गळ्यात मंगळसूत्र होतं. त्यांचा हात सुटला.

"तू ती नव्हेस," त्या म्हणाल्या.

ओटीवर बसवून त्यांनी मला सगळं सांगितलं. ती तीन-चारदा आली होती. येताना कुणी बघितलं नाही, रिक्षाने आली की चालत, माहीत नाही. मागच्या फाटकाशी उभी राहून समुद्राकडे बघायची. काकूंना वाटलं मीच आहे, फार थकलेली दिसतेय, घरात आजारपण असेल. एकदा त्यांनी जवळ जाऊन विचारलं, "साहेब नाही आले गो?" ती म्हणाली, "ते नाहीत आता."

काकू स्वतः विधवा. त्यांना पुढे विचारवेना. तरी त्या म्हणाल्या, "मग हे घर एकटीने कशाला बांधत्येस? आणि दार कशाला बुजवत्येस?"

"काय म्हणाली?"

काकूंनी दोन वेळा पदर नीट केला. मग म्हणाल्या, "म्हणाली, त्या दारानेच गेले. सकाळी. मी उठले तर दार उघडं होतं."

वरच्या मजल्यावरून ह्यांचा आवाज येत होता. मिस्त्रींना उंची विचारत होते. अगदी रोजच्यासारखा, ठणठणीत आवाज. मला इतकं रडू आलं, आणि रडता येईना. काकूंना म्हटलं, ह्यांना यातलं काही सांगू नका. त्यांनी मान डोलावली.

मी वर गेले. चौकट परत बसवली होती, दार अजून लावायचं होतं. त्या चौकटीत हे पाठमोरे उभे होते, पलीकडे नुसता समुद्र. भरती होती. ते वळून म्हणाले, "बघ तरी इकडं येऊन. ह्याच्यासाठी तर घेतली ना जागा."

"दार नको," मी म्हटलं.

"तू पण आता?"

"अहो, मला ते दार नको. बंद करा. मी पाया पडते."

"कारण सांग."

"सांगता येणार नाही."

"कोण बाई येते, काय कागदावर खरडते, तिच्यासाठी आपण—"

"तिच्यासाठी नाही. माझ्यासाठी. नाहीतर मी ह्या घरात पाऊल ठेवणार नाही. तुम्हालाही ठेवू देणार नाही."

मिस्त्री खाली निघून गेले. आम्ही दोघंच. इतक्या वर्षांत मी ह्यांना अशी अट कधी घातली नव्हती. ह्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी स्वयंपाकघरात पाहिलं होतं तसं नाही, वेगळं. मग खिडकीतून खाली ओरडले, "मिस्त्री! बुजवून टाक."

घरी आल्यावर हे दिघाशीच्या माझ्या नणंदेला फोनवर सांगत होते, "न्हाय गं, दार कॅन्सल. तुझ्या वहिनीला भीती वाटते पाण्याची." मी ऐकून घेतलं.

भिंत पूर्ण झाली तो गुरुवार होता. शाळेला सुट्टी लागली होती. मी घरी होते, दुपारी हे समोर बसून जेवत होते, बोंबलाचं कालवण केलं होतं. साडेतीनला काकूंचा फोन आला. मी गच्चीवर जाऊन घेतला.

"आली होती गो आज," काकू म्हणाल्या. "दुपारी. मिस्त्री जेवायला गेलेले. वर त्या भिंतीला हात लावून उभी होती, खिडकीतून दिसली मला. मी हाक मारली तर वळून हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली बघ. मग खाली उतरली आणि रस्त्याच्या दिशेने चालत गेली."

त्यानंतर ती कुणालाच दिसलेली नाही.

घर पूर्ण झालं, वास्तुशांत झाली, आता सुट्ट्यांमध्ये पर्यटक येतात. आमच्या खोलीत पश्चिमेला नुसती भिंत बघून लोक म्हणतात, अहो, एवढा समुद्र आणि दार नाही? हे म्हणतात, मिस्त्री चुकला. ह्यांना मी काकूंचं बोलणं आजपर्यंत सांगितलेलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. पण एवढा पोहणारा माणूस, तिथे गेला तरी घोट्याच्या वर पाण्यात जात नाही, हे माझ्या लक्षात आलंय. काकूंनी सांगितलं असेल का? मिस्त्रींनी? की तिनेच...? मी विचारत नाही. विचारायचा धीर होत नाही.

कुणी बहुरूपी असेल, योगायोग असेल, आम्हा सगळ्यांनाच भास झाला असेल. मी सगळं मांडून बघितलं आहे, एकही उत्तर शेवटपर्यंत जात नाही. नकाशाची ती प्रत माझ्या कपाटात आहे, अक्षर अजून माझंच आहे. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर सांगा.

आता तिची भीती वाटत नाही. उलट एखाद्या दुपारी हे जेवून इथेच सतरंजीवर आडवे होतात, घोरायला लागतात, आणि मी वह्या तपासता तपासता थांबते. माझं तर सगळं जागेवर राहिलं. पण ती त्या रस्त्याने चालत गेली, ती कुठे गेली असेल? घरी गेली असेल तर तिथे तिचं कोण होतं?