मामांचं सीलबंद घड्याळ

दुरुस्तीला टाकलेलं घड्याळ परत हातात येतं तेव्हा ते तुमचंच आहे, हे तुम्ही कशावरून ठरवता? पट्टा तोच आहे आणि काच तीच आहे, एवढ्यावरून? तसं असेल तर आमच्या मामांच्या मते तुम्ही घरातून बाहेर पडता तेच लुटले जाण्याची तयारी करून. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्याकडं आत्याला आत्ती म्हणतात आणि आत्तीच्या नवऱ्याला मामा. त्यांच्याइतका संशयी माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात नाही, असं मी छातीठोकपणे सांगतो. आणि हे वाक्य मामांनी वाचलं तर अख्खा जिल्हा तू कधी तपासलास, असं ते विचारतील, हेही तितक्याच छातीठोकपणे सांगतो.

मामांची सगळी नोकरी एका दूध संस्थेत नमुने तपासण्यात गेली. लोक किटल्या घेऊन रांगेत उभे राहायचे आणि मामा प्रत्येक किटलीत लॅक्टोमीटर, म्हणजे दुधातलं पाणी पकडणारी काचेची नळी, बुडवून आधी दुधाकडं आणि मग माणसाच्या तोंडाकडं बघायचे. नोकरी संपली, पण ती नजर काही त्यांना संस्थेत जमा करून येता आली नाही. घरच्या म्हशीचं दूध आत्ती स्वतः काढते, तरी मामा त्यात लॅक्टोमीटर बुडवल्याशिवाय चहा टाकू देत नाहीत. एकदा आत्तीनं वैतागून विचारलं, तुमचा वहीम माझ्यावर हाय का म्हशीवर? मामा नळीवरची रेघ वाचत म्हणाले, "अजून ठरलं न्हाय."

डॉक्टरांनी एकदा त्यांना रक्तदाब वाढल्याचं सांगितलं. मामांनी दाब मोजायचा तोच पट्टा डॉक्टरांच्या दंडाला बांधायला लावला. डॉक्टरांचा दाब मामांपेक्षा जास्त निघाला, तेव्हा यंत्र बिघडलेलं आहे की डॉक्टर, याचा निकाल लागेपर्यंत गोळी घेणार नाही असं सांगून, आणि जाता जाता डॉक्टरांना लोणचं कमी करायचा सल्ला देऊन, मामा उठून आले. फोनवर लाडीगोडी लावून बँकेचा नंबर काढून घेणाऱ्यांना सगळं जग घाबरतं. तसा फोन मामांना आला तेव्हा त्यांनी त्या माणसाचं गाव, गावचा तालुका, तालुक्यातलं दूध कुठं जातं, त्याला फॅट किती लागते, हे इतकं खोदून विचारलं की शेवटी फसवणाऱ्यानंच फोन ठेवला.

मला मामा फार आवडायचे. माझे वडील पाण्याच्या, रस्त्याच्या, वीजबिलांच्या प्रश्नांवर पत्रकं काढायचे आणि मी ती शिवाजी पेठेत दारोदार टाकत मोठा झालो. 'विचारा, जाब विचारा' हे आमच्या घरात देवाच्या आरतीपेक्षा जास्त वेळा म्हटलं जायचं. पत्रक वाचून लोक मान हलवायचे आणि त्याच कागदात भजी गुंडाळायचे. मामा मात्र खरंच विचारायचे. त्यांच्या गल्लीत नवा रस्ता झाला तेव्हा सगळे ठेकेदाराला हार घालत होते, आणि मामा रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून डांबराच्या थरात खिळा घालून बघत होते. खिळा खाली मुरमात गेला. मामांनी तो खिळा हार घातलेल्या ठेकेदाराच्या हातात दिला आणि सगळ्यांदेखत विचारलं की एवढ्या रस्त्यावरनं त्यानं स्वतःच्या आईला बैलगाडीतनं न्यावं का. रस्ता पुन्हा झाला. ज्या देशात थापा मारणारा खुर्चीत आणि विश्वास ठेवणारा रांगेत असतो तिथं मामांसारखी माणसं प्रत्येक गल्लीत एक तरी हवी, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

अशा माणसाकडं त्याच्या स्वतःच्या वडिलांचं जुनं चावीचं घड्याळ होतं. परदेशी, पांढऱ्या डायलचं, आकडे जरा पिवळे पडलेलं. वडिलांमागं ते मामांच्या थोरल्या भावाकडं, आण्णांकडं, आलं. आण्णा कागलजवळ गावाकडच्या घरात राहतात. जमिनीची वाटणी झाली त्या दिवशी, कागदावर सह्या झाल्यावर, आण्णांनी आपल्या मनगटावरचं घड्याळ काढून मामांच्या मनगटावर बांधलं आणि म्हणाले, हे वाटणीत धरायचं न्हाय. मामा ही गोष्ट सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज जरा बदलायचा. जिला मामांनी कधीच लॅक्टोमीटर लावला नव्हता अशी जगात एकच गोष्ट होती, ती म्हणजे आण्णा.

घड्याळाची सर्व्हिसिंग मात्र मामांनी एकदाही केलेली नव्हती. घड्याळजी लोक आतली चाकं बदलतात, चाकांच्या टोकाला बसवलेली माणकं काढून घेतात, यावर त्यांची ठाम श्रद्धा. त्यामुळं घड्याळ हळूहळू मागं पडत गेलं. मामा बिद्रीच्या एसटीला वेळेवर जायचे आणि एसटी गेलेली असायची. ड्रायव्हर मुद्दाम लवकर गाडी काढतो असा अर्ज त्यांनी स्टँडावर दिला. तिथल्या माणसानं अर्ज न वाचता मामांच्या मनगटाकडं बघितलं आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडं बोट केलं. दोन्ही घड्याळांपैकी खोटं कुठलं, याचा मामांनी मोबाइलवर, रेडिओवर आणि मशिदीच्या बांगेवर तपास केला. खोटं घरचंच निघालं.

मग सर्व्हिसिंगची तयारी सुरू झाली. दूध संस्थेत वादाचा नमुना असला की तो बाटलीत भरून, झाकणावर कागदाची पट्टी चिकटवून, त्यावर साक्षीदारांच्या सह्या घेऊन सील करायची पद्धत. पट्टी फाटली म्हणजे कुणीतरी हात घातला. मामांनी घड्याळाच्या पाठीवरच्या झाकणावर तशीच पट्टी आडवी चिकटवली. सह्या तीन: मामा, आत्ती आणि मी. आत्तीनं सही करताना विचारलं की उद्या माझं मंगळसूत्र सोनाराकडं द्यायचं झालं तर माझ्यावर पण पट्टी लावणार का. मामांनी त्यावर विचार केल्यासारखं दिसलं, म्हणून आत्ती आत निघून गेली.

आम्ही दोघं शिवाजी पेठेतल्या एका तालमीसमोरच्या घड्याळजीकडं गेलो. मामांनी आधी त्याच्याकडून पट्टी शाबूत असल्याची सही घेतली. तो चक्रावला, पण त्यानं केली. मग स्टूल ओढून मामा इतके जवळ बसले की घड्याळजीच्या डोळ्यावरच्या भिंगाला त्यांच्या श्वासाची वाफ धरायला लागली. पट्टी फाटली, झाकण निघालं. घड्याळजीनं आत बघितलं, मग मामांकडं, मग पुन्हा आत.

"पावणं," तो म्हणाला, "वरचं परदेशी हाय. आतली मशीन देशी हाय. कुणीतरी पूर्वीच बदललीया."

मामा स्टुलावरून उठले. तूच बदललीस, असं ते बोललेसुद्धा. घड्याळजी भडकला नाही. त्यानं फाटलेल्या पट्टीचे दोन तुकडे जुळवून मामांसमोर ठेवले.

"सील तुमचं. सह्या तुमच्या घरच्या. झाकण तुमच्या नाकाखाली उघडलं. आता मी कवा बदलली, तेवढं सांगा की."

मामा पुन्हा बसले. जन्मभर त्यांनी दुसऱ्याला पकडायला बांधलेली व्यवस्था त्या दिवशी एका निर्दोष माणसाला सोडवून गेली, आणि संशयाला जायला एकच वाट उरली. घड्याळ वडिलांकडून आण्णांकडं आणि आण्णांकडून मामांकडं आलं होतं. वडिलांवर संशय घ्यायची मामांची छाती नव्हती. मामांनी काम थांबवायला सांगितलं. घड्याळाची रिकामी डबी एका रुंद तोंडाच्या बाटलीत आणि मशीन दुसऱ्या बाटलीत घातली, दोन्हींवर पट्ट्या लावल्या आणि घरी नेऊन कपाटात ठेवल्या. मामांनी मनातला संशय बोलून दाखवला नाही, असं मी पहिल्यांदाच बघत होतो. आणि मला त्याची भीती वाटली.

त्यानंतर मामा कागलला गेले नाहीत. आण्णांचा फोन आला की आत्ती बोलायची, मामा गोठ्यात निघून जायचे. गावच्या जत्रेचं जेवण आलं. आमच्याकडं जत्रेला सख्खा भाऊ जेवायला आला नाही तर घरात कुणी गेलंय का काय, असं लोक विचारतात. मामा गेले नाहीत. त्यांच्या इतर शंकाही त्या वर्षी सुकल्या. म्हशीचं दूध न तपासता चहा झाला आणि मामांनी तो गपचूप पिऊन टाकला, तेव्हा आत्तीनं मला बोलावून घेतलं. ती म्हणाली, "त्येस्नी घिऊन जा कागलला. भांडू देत न्हाय तर रडू देत. पर हे असं मला बघवत न्हाय."

मी मोटरसायकल काढली. मामा मागं बसले, दोन्ही बाटल्या पिशवीत, पिशवी पोटाशी. मला त्यांचा राग आला होता, हे लपवत नाही. ठेकेदाराला भर चौकात प्रश्न विचारणारा माणूस सख्ख्या भावाला एक प्रश्न विचारू शकत नव्हता. आपल्यापेक्षा बळकट माणसावरचा संशय आपण तोंडावर बोललो तर त्याचा रस्ता होतो, आणि आपल्या माणसावरचा संशय गिळून बसलो तर त्याचं विष होतं. हे मी हायवेवर ओरडून सांगितलं. वाऱ्यात त्यांनी ऐकलं की नाही, माहीत नाही.

आण्णा ओट्यावर बसले होते. आम्हाला बघून उठले, हसले, मामांच्या पाठीवर हात ठेवला. मामांनी बाटल्या ओट्यावर मांडल्या आणि घसा साफ करून, वाटेत घोटून आणलेलं सांगायला सुरुवात केली: सदर घड्याळ, सदर मशीन, सदर ताबा. आण्णांनी कानामागं हात धरला. त्या वर्षभरात त्यांचे कान गेले होते. आत्तीला फोनवर ते नुसतं व्हय-व्हय करायचे ते ऐकू येत नव्हतं म्हणून, हे आमच्यापैकी कुणाला कळलं नव्हतं.

मामांनी आवाज चढवून पुन्हा सांगितलं. आण्णा म्हणाले, जेवून बोलूया. तिसऱ्यांदा मामांना सगळं 'सदर' टाकून द्यावं लागलं. ते अक्षरशः ओरडले, "आण्णा, बाच्या घड्याळाची मशीन तू बदललीस काय?"

समोरच्या घरातली बाई दारात आली. सायकलवरून जाणारा एक जण पाय टेकून थांबला. मनात वर्षभर गुळगुळीत झालेला तो प्रश्न उघड्यावर किती ओंगळ दिसतो, हे मामांना त्याच क्षणी दिसलं असावं. त्यांची मान खाली गेली. आण्णांनी बाटलीतल्या मशीनकडं बघितलं. मग मामांकडं. आणि एकदम मोठ्यानं हसायला लागले.

त्यांनी जे सांगितलं ते असं. मामा तेव्हा नुकते बोलायला लागलेले पोर. गुऱ्हाळ चालू होतं, काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, उसाचा रस उकळत होता. वडिलांनी काम करताना घड्याळ काढून खांबाच्या खिळ्याला अडकवलेलं, आणि मामा आण्णांच्या कडेवर. पोरानं चमकणाऱ्या वस्तूला हात घातला, ओढली आणि खुशीत पुढं भिरकावली. घड्याळ थेट काहिलीत. झाऱ्यानं बाहेर काढलं तोवर आतली मशीन गुळात शिजली होती. वडिलांनी आण्णांच्या तोंडावर हात ठेवला आणि कुणाला सांगायचं नाही म्हणून बजावलं. कारण आमच्याकडं गावात एकदा नाव पडलं की ते माणसाला सरणापर्यंत सोडत नाही.

"घड्याळशिज्या म्हणली असती तुला समदी," आण्णा म्हणाले. "तुझ्या पोरांनाबी तेच नाव लागलं असतं. म्हणून बा गुपचूप कोल्हापूरला जाऊन मशीन बदलून आलता. मी शब्द दिलता त्येला."

मामांच्या हातात पुरावा नव्हता, साक्षीदार नव्हता, सील नव्हतं. नुसता एका म्हाताऱ्याचा शब्द होता. त्यांनी काहीच मागितलं नाही. मग त्यांचा चेहरा अचानक बदलला आणि ते आण्णांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "मग त्या काहिलीतल्या आदणाचा गूळ काय केला?"

"इकला की बाजारात," आण्णा म्हणाले.

आयुष्यभर लोकांच्या किटलीतलं पाणी शोधणारे मामा, स्वतःच्या बापाच्या गुळातलं घड्याळाचं तेल ऐकून असे काही आ वासून बसले की ती समोरची बाई पदर तोंडाला लावून आत पळाली. मग मामाही हसले. त्या दिवशी आम्ही तिथंच जेवलो.

नंतर मामा तीच मशीन घेऊन त्याच घड्याळजीकडं गेले. तो म्हणाला की जुन्या मापाची परदेशी मशीन शोधून बसवता येईल. मामा म्हणाले, हीच धुऊन, तेल घालून बसव, आमच्या घराण्याची हीच. त्याच्यावरचा आळ त्यांनी गिऱ्हाइकांदेखत मागं घेतला. पट्टी मात्र लावलीच. एकदम इतका बदल त्यांच्या प्रकृतीला झेपला नसता.

घड्याळ नीट चालायला लागलं तसं आम्ही पुन्हा कागलला गेलो. मामांनी ते काढून आण्णांच्या कानाला लावलं. आण्णा डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकत बसले आणि म्हणाले, "झ्याक चालतंय." कानाशी ओरडलेलं ज्यांना निम्मंच कळतं, त्यांना ती टिकटिक काय ऐकू येणार. मला ते कळत होतं आणि मामांनाही कळत होतं. मामांनी तपास केला नाही. घड्याळ तिथंच धरून ते अगदी हळू म्हणाले, "चुकलं माझं, आण्णा."

आण्णांनी डोळे उघडले. "काय म्हणलास?"

"काय न्हाय," मामा मोठ्यानं म्हणाले. "च्या टाकायला सांग, म्हणलं."

तर वाचकहो, माझं तुमच्याकडं एकच मागणं आहे. तुमच्याही मनात आपल्या कुणाबद्दल असा एखादा प्रश्न पट्टी लावून ठेवलेला असेल. हे पान मिटा, गाडी काढा आणि त्याच्या दारात जाऊन तो विचारा. त्याला अजून ऐकू येतंय, तोवर विचारा.