दोन्ही पायांवर पाणी

मुलांनो, युद्ध संपलं त्या हिवाळ्यात दारव्ह्याच्या तंबू टॉकीजमध्ये मी एक सिनेमा पाहिला. त्यात पाय गमावलेला शिपाई घरी परततो आणि बायको दारातच रडत बसते.

बायका-पुरुषांच्या मध्ये बांधलेल्या दोरीपलीकडे एक माजी शिपाई लाकडी पाय सरळ पसरून बसला होता. तो पडद्याकडे पाहून म्हणाला, “अवं बाई, रडत काय बसली? पाय धुवाले पाणी दे त्याले.”

मध्यंतरात मी त्याला विचारलं, “तुम्ही परतलात तेव्हा?”

“भेतभेतच गेलतो जी.” दोरीअलीकडे माझ्या शेजारी बसलेल्या आपल्या बायकोकडे पाहत तो पदक दाखवावं तसा ताठ झाला. “हिनं दोन्ही पायांवर पाणी घातलं. लाकडाच्याबी.”

ती हळूच म्हणाली, “दोन्हीबी धुळीनं भरले होते ना.”